दरवर्षी फिरवलेली डिस्क

एक

महादेवरावांनी रेशमी वस्त्र स्वहस्ते उलगडले, आतली काळी पेटी जमलेल्यांना दाखवली, तिला नमस्कार केला. आणि थोड्याच वेळात ती पेटी मृत असल्याचे निष्पन्न झाले.

हे घडले अकोल्यातील एका वाणसंवर्धन मंडळाच्या कार्यालयात, वार्षिक सभेच्या दिवशी सकाळी. मंडळाचे नाव लांब होते, पाटी त्याहून लांब होती, आणि कार्याची लांबी मोजण्याचा प्रसंग कोणावर कधी आला नव्हता. महादेवराव त्याचे कार्यवाह. ज्ञानाविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. ज्ञानाला आयुष्यात कधी हात न लावल्यामुळेच तो आदर इतका निष्कलंक राहिला होता.

पेटी म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क. तिच्यात तेल्हाऱ्याच्या देवमन तायड्यांचे उभे आयुष्य साठवलेले होते. ज्या वर्षांत साऱ्या वऱ्हाडाने घरचे बियाणे सोडून पाकिटातले बियाणे धरले आणि त्यापायी जे भोगायचे ते भोगले, त्या वर्षांत हा माणूस एका देशी कपाशीतून झाडे निवडत राहिला. कोणते झाड राखले, कोणते उपटले आणि का, हे त्यांनी हंगामामागून हंगाम स्वतःच्या आवाजात सांगून ठेवले होते. जोडीला त्या त्या झाडाचे छायाचित्र. मंडळाने हे सारे मोठ्या सन्मानाने मागून घेतले. ताजनापेठेत संगणकदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या शाकीबने २००७ साली ते डिस्कवर भरले. आणखी एक प्रत करून ठेवू का, असे त्याने विचारले, तेव्हा महादेवरावांनी त्याला ऐकवले की मूळ हे एकच असते.

देवमन पुढे वारले. २०१४ च्या हिवाळ्यात त्यांची मुलगी शालू, बार्शीटाकळीच्या शाळेतली शिक्षिका, डिस्क मागायला आली. वडिलांचा वाण वडिलांच्या नावे सरकारदरबारी नोंदवायचा होता. जुन्या फिती आणि छायाचित्रे केव्हाच खराब झाली होती; पुरावा आता याच पेटीत होता.

शाकीबला बोलावणे गेले. त्याने पेटी आतल्या खोलीत नेली, संगणकाला जोडली आणि उतरलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. आत काहीतरी घुमते, पण तबकडी फिरत नाही, असे त्याने सांगितले. डिस्क वर्षानुवर्षे पडून राहिली की आतले वंगण आळते, वाचणारा बारीक काटा तबकडीला चिकटून बसतो आणि मग वीज देऊनही ती जागची हलत नाही. एवढ्यासाठीच त्याने त्या वेळी बजावले होते की नुसती ठेवू नका, फिरवत जा.

“फिरवली होती,” महादेवराव म्हणाले. “दरवर्षी. माझ्यासमक्ष.”

कोषाध्यक्ष श्रावणभाऊंनी दुजोरा दिला. कपाटाची किल्ली सांभाळणारे नत्थुजी म्हणाले की आपल्याच हातांनी फिरवली. मग तर्क सोपा झाला. फिरवलेली डिस्क मरत नाही असे शाकीबच म्हणतो. डिस्क फिरवलेली होती. अर्थात ती मारली गेली, आणि शेवटी ती शाकीबच्याच हातात होती. शिवाय बंद दाराआड तो काहीतरी खरवडत असल्याचे नत्थुजींनी ऐकले होते. पोलिसांत द्यायची तक्रार लगोलग तयार झाली. डिस्कमधील ठेव देवमनची, म्हणून सही त्यांच्या मुलीची हवी होती. ती सही झाली की ताजनापेठेतल्या त्या दुकानात पुन्हा कोणी यंत्र घेऊन चढणार नव्हते.

शालूने पेन उघडले.

“सही संध्याकाळच्या सभेनंतर कर, मुली. आधी चौकशी होऊ दे,” कोपऱ्यातून आवाज आला.

दोन

आवाज लीलाबाईंचा होता. अमरावतीच्या महाविद्यालयात त्यांनी जन्मभर संस्कृत व्याकरण शिकवले होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी वाक्यातली विभक्ती चुकली की त्यांच्या कपाळावर अजून आठी उमटे. सभेच्या आरंभी सरस्वतीचे स्तवन म्हणण्यासाठी मंडळ त्यांना दरवर्षी बोलावी. स्तवन संपले की त्यांना शाल देत आणि गप्प बसवत.

महादेवरावांनी क्षणभर विचार केला आणि चौकशी बाईंनीच करावी असे स्वतःच सुचवले. व्याकरणाच्या वृद्ध बाईला डिस्क आणि डबा यांतला भेद कळणार नाही, आणि निःपक्षपाती चौकशी झाली असे मात्र म्हणता येईल, असा तो विचार होता. तो त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ दिसत होता की लीलाबाईंना तो वाचण्यासाठी चष्माही लावावा लागला नाही.

त्यांनी पहिल्यांदा महादेवरावांनाच समोर बसवले. कार्यवाहांनी पेटीपेक्षा तिच्या संरक्षणाचेच वर्णन अधिक प्रेमाने केले. पोलादी कपाट, आत सरस्वतीची तसबीर, कडुनिंबाचा वाळला पाला, कापराच्या वड्या, चौपदरी रेशीम. कोणाचा हात लागू नये म्हणून किल्ली एकाकडेच. बोलता बोलता त्यांनी ‘अक्षर’ या शब्दाची व्युत्पत्तीही सांगितली, आणि जे क्षरत नाही ते अक्षर, म्हणूनच आपण ते कपाटात ठेवले, असा निष्कर्ष काढला. लीलाबाईंनी हे सारे ऐकून घेतले. चुकीच्या निष्कर्षापर्यंत बरोबर व्युत्पत्तीने पोहोचणारे विद्यार्थी त्यांनी पुष्कळ पाहिले होते. फक्त त्यांना कार्यवाह झालेले पाहिले नव्हते.

“शाकीबने नेमके काय सांगितले होते?” त्यांनी विचारले.

“हेच, की वर्षातून एकदा तरी फिरवत जा. आम्ही एक दसरा चुकवलेला नाही.”

“दसराच का?”

“उपकरणांची पूजा त्याच दिवशी असते ना, बाई. डिस्क हेही उपकरणच.”

मग नत्थुजी आले. उंच, वाळकी अंगकाठी, स्वच्छ धोतर, आणि किल्ल्यांचा जुडगा जानव्यासारखा खांद्यावरून घेतलेला. त्यांच्या बोलण्यात कपट मुळीच नव्हते. अभिमान मात्र भरपूर होता.

“मीच फिरवत होतो जी. दुसऱ्या कोनाच्या हाती देलीच नाही. साहेब मनत, नत्थुजी, तुमचा हात हलका हाय.”

“त्यासोबत एक वायर असेल ना? विजेची?”

“हाय ना. वायरीची थैली शाकीबनं चिकटपट्टी लावून देली होती. ते अशी जशीच्या तशी ठेवली, बाई, की आज त्यानंच फोडली. मधात कोनाले हात लावू नाही देला.”

हे सांगताना त्यांचा उजवा हात किल्ल्यांवर होता. ‘फिरवत होतो’ म्हणताना मात्र तो हात हवेत उठला होता आणि एका संथ, भक्तिपूर्ण वर्तुळात फिरून पुन्हा खाली आला होता.

लीलाबाईंनी ते वर्तुळ पाहिले. त्याचा अर्थ त्यांना लागला नाही. तीन माणसे एकच क्रियापद एकाच ठाम सुरात उच्चारतात, तेव्हा बहुधा ती ठरवून खोटे बोलत असतात, असे त्यांनी गृहीत धरले होते. ज्याला खोटे बोलायचे कारण आहे असा माणूस आता शोधायचा होता, आणि तो सापडायला वेळ लागला नाही. तो बाहेर पान जमवत बसला होता.

तीन

श्रावणभाऊंचे बियाण्यांचे दुकान होते. संकरित वाणांचे, रंगीत पाकिटांचे. देशी वाण जपणाऱ्या मंडळाचा कोषाध्यक्ष तोच माणूस असावा ही गोष्ट मंडळात कोणालाही विचित्र वाटत नव्हती, कारण सभेच्या जेवणाचा खर्च तोच उचलत असे.

लीलाबाईंनी त्यांना आडपडदा न ठेवता विचारले की देवमनचा वाण नोंदला गेला तर तुमच्या धंद्याला धक्का बसेल की नाही. श्रावणभाऊ रागावले नाहीत. त्यांना हसूच आले.

“बाई, देवमनच्या कपाशीले मी काहून भिऊ? लोकाले पाकिटावरचं चित्र पायजे. देवमन उन्हात उभा राहून झाडाशी बोले, तवा लोक त्याले येडा मनत. आता मेल्यावर तुमी मोठा मनून राहिले. मना ना. माहं काय जाते.”

“तरी डिस्क बिघडली याचे तुम्हाला दुःख झाले नाही.”

“कोनाले झालं? शालू सोडली तर एका तरी मानसाच्या डोळ्याले पानी दिसलं का तुमाले?”

या उत्तरातील तुच्छता निर्मळ होती. लीलाबाईंना ते मनोमन पटले. ज्या वस्तूची ज्याला किंमतच नाही, तो तिचा नाश करण्याचे श्रम घेत नाही. शिवाय किल्ली नत्थुजींच्या खांद्यावरून कधी उतरत नव्हती. संशयिताच्या आसनावरून श्रावणभाऊ त्या क्षणी उठले, आणि ते आसन रिकामे पडले.

शेवटचे म्हणून त्यांनी विचारले की दसऱ्याला तुम्ही स्वतः हजर होता का. होते, श्रावणभाऊ म्हणाले, दरवर्षी. पेढे त्यांच्याकडूनच असत. पण त्या दुपारच्या आठवणीने त्यांनी तोंड वाकडे केले.

“आक्टोबरची उनं, दारं बंद, अन् वरून भारनियमन. मधातल्या साऱ्या वर्षांत दसऱ्याच्या दुपारी येथी लाइट असल्याचं मले आठवत नाही. पंखा बंद, मान्सं घामानं निथळून राहिले, अन् महादेवरावचं भाषन सरत नाही. डिस्क फिरवली का मी पह्यला पेढा उचले अन् बाहेर पडे.”

“वीज नव्हती?”

“कुठची जी.”

“आणि डिस्क फिरवली?”

“फिरवली ना. सोता पाह्यली डोळ्यानं.”

लीलाबाईंना त्यांचे गुरुजी आठवले. पाठशाळेतल्या पोथ्या दर वर्षी सौम्य उन्हात बाहेर निघत. पण त्या नुसत्या निघत नसत. प्रत्येक पान सुटे होई, प्रत्येक ओळ कोणीतरी वाची, अडलेला शब्द विचारला जाई, आणि मगच पोथी पुन्हा बांधली जाई. गुरुजी पोथीला नमस्कारही करीत, परंतु वाचून झाल्यावर. त्या नमस्कारात कृतज्ञता असे. इथे काय होते?

वायर न लावता, वीज नसताना, भरल्या सभागृहात, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत डिस्क फिरत होती. एकतर हा चमत्कार होता, नाहीतर तिघेही खोटारडे होते. आणि श्रावणभाऊंसारखा माणूस एवढे निष्कारण, एवढे बेफिकीर खोटे बोलेल, हे त्यांना पटेना.

चार

शाकीब मागच्या पडवीत एकटाच उभा होता. दुपारच्या जेवणाला त्याला कोणी बोलावले नव्हते. पलीकडच्या बाकावर शालू बसली होती, मांडीवर तक्रारीचा कागद. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते आणि तेथून हलतही नव्हते.

लीलाबाई बाकावर टेकल्या. शालूने त्यांच्याकडे न पाहता विचारले, “सही करू का नको, एवढंच सांगा बाई. माह्या बाबाचा आवाज मले पुन्हा ऐकाले भेटत नाही, हे तं खरं हाय. त्याचा राग मी कोनावर काढू?”

“अजून थोडा वेळ कोणावरच काढू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि शाकीबकडे वळून त्यांनी विचारले की तू आत काय खरवडत होतास.

शाकीबने खिशातून रुमाल काढून उलगडला. आत लालसर, कठीण झालेले तुकडे होते.

“कुंकू हाय, बाई. हळद, कुंकू, वरून पानी शिंपडलेलं. वायरीची पिन जिथं जाते ते भोक पूर्न बुजून गेलं होतं, सिमेंटवानी. पिन आत जाईच ना. मंग टाचनीनं काढलं. पह्यले वाटलं दाखवावं, मंग वाटलं, पूजेचं कुंकू मी खरवडलं मनून आनखी एक भांडन उभं राहीन.”

“वरचा थर ताजा होता?”

“वरचा दसऱ्याचा असन. खालचा काळा पडला होता. थरावर थर.”

“म्हणजे ते भोक बुजल्यापासून आजवर त्यात पिन गेलेली नाही.”

“जाऊच शकत नाही. मी तेच तं मनतो. यायनं फिरवलीच नाही. पन तिघंही शपथा घेऊन राहिले, अन् माहं कोन ऐकते? देवमनकाकाच्या रेकॉर्डिंगले मी सोता त्यायच्या वावरात बसलो होतो. ते मले मनत, शाकीब, थोडं जवळ धर, झाडाले आयकू येऊ नये असं बोलाचं हाय. जे झाड उपटाचं असे, त्याच्याबद्दल ते हळू बोलत.”

शालूने पहिल्यांदा मान वर केली. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

लीलाबाईंनी रुमालातला एक तुकडा बोटांत धरून पाहिला. मग त्यांना नत्थुजींचा हात आठवला. हवेत उठलेला, संथ वर्तुळात फिरलेला. खोटे कोणीच बोलत नव्हते. नत्थुजी नाहीत, श्रावणभाऊ नाहीत, महादेवरावही नाहीत. तिघे शब्दशः खरे बोलत होते, आणि हे खोट्यापेक्षा शतपट हीन होते.

“चल शालू,” त्या उठल्या. “सभा सुरू झाली की मला त्यांच्याकडून एक गोष्ट करून घ्यायची आहे.”

पाच

सभागृह भरले होते. लीलाबाईंनी स्तवन म्हटले, नेहमीप्रमाणे शुद्ध, नेहमीप्रमाणे सावकाश. टाळ्या झाल्या. शाल पुढे आली, ती त्यांनी घेतली नाही.

“चौकशी संपत आली आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त नत्थुजींनी एकदा, दसऱ्याला फिरवतात तशी, डिस्क फिरवून दाखवावी. काही कमी नको, काही जास्त नको.”

महादेवराव प्रसन्न झाले. आपल्या निष्ठेचे प्रात्यक्षिक एवढ्या लोकांसमोर होणार, याहून काय हवे? नत्थुजींनी ताम्हण आणले. त्यात डिस्क ठेवली. वर हळद वाहिली, कुंकू वाहिले, फुलाने पाणी शिंपडले. मग दोन्ही हातांनी ताम्हण उचलून त्यांनी ते सरस्वतीच्या तसबिरीसमोर डावीकडून उजवीकडे, आरतीसारखे, मोठ्या श्रद्धेने ओवाळले. एक फेरा. दुसरा. तिसरा. त्यानंतर ताम्हण डोक्यावर घेऊन त्यांनी सभागृहाला एक प्रदक्षिणा घातली. पहिल्या रांगेतल्या दोघांनी सवयीने हात जोडले.

“ही फिरवली,” नत्थुजी म्हणाले आणि ताम्हण खाली ठेवले.

शाकीबने तोंडावर हात घेतला. मागे कोणीतरी फिस्सकन हसले, पण ते हसू पुढे पसरले नाही. काय पाहिले हे हळूहळू एकेकाच्या ध्यानात येत होते.

लीलाबाईंनी आवाज चढवला नाही. चाळीस मुलांच्या वर्गात जसे बोलत तसेच त्या बोलल्या.

“शाकीबने सांगितले, फिरवत जा. फिरणे हे तबकडीचे काम. वायर लावावी, वीज द्यावी, आतली तबकडी फिरू द्यावी, आतले ज्ञान एकदा तरी वाचून पाहावे, असे त्याला म्हणायचे होते. तुम्ही क्रियापद तेच ठेवले आणि कर्म बदलले. तबकडीऐवजी पेटी फिरवली. वायरीची थैली आज सकाळपर्यंत बंद होती, हे नत्थुजींनीच सांगितले. दसऱ्याला वीज नसे, हे श्रावणभाऊंनी सांगितले. पिनेची जागा कुंकवाने बुजली होती, ते कुंकू या मुलाच्या रुमालात आहे. डिस्क आज मेलेली नाही. तुम्ही तिच्यापुढे आरत्या म्हणत होता तेव्हाच कधीतरी ती मेली. नंतरच्या सगळ्या दसऱ्यांना तुम्ही तिचे प्रेत ओवाळलेत.”

नत्थुजी ताम्हणापाशी खाली बसले. लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, पण कठोरपणे नव्हे. त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी निष्ठेने केले होते. सांगणारा मंचावर होता.

महादेवराव उठले. त्यांच्यापुढे आता दोनच मार्ग उरले होते, आणि त्यांनी दोन्ही एकदम धरले. प्रथम ते म्हणाले की या पोराने नीट मराठीत सांगितले असते तर हा अनर्थ टळला असता.

“त्याचे मराठी अचूक होते,” लीलाबाई म्हणाल्या. “शब्द तुम्हाला कळला नाही. न कळलेला शब्द माणूस विचारतो. तुम्ही त्याची पूजा केली.”

मग महादेवराव म्हणाले की तसे पाहता दोष कोणाचाच नाही, ही कालगती आहे, आणि तसाच ठराव करून विषय संपवावा. डिस्कसाठी त्यांनी एक योजनाही तिथल्या तिथे मांडली. काचेची पेटी करावी, तीत ही डिस्क ठेवावी, वर देवमनजींचे छायाचित्र लावावे, म्हणजे येणाऱ्या पिढ्यांना दर्शन घेता येईल.

पहिल्या रांगेतून दोन टाळ्या वाजल्या.

या माणसांना अपराधही धड करता येत नव्हता. अपराधासाठी निदान इच्छा लागते. येथे इच्छा नव्हती, जिज्ञासा नव्हती, साधा आळसही नव्हता, कारण आळशी माणूस दरवर्षी एवढा खटाटोप करीत नाही. एका माणसाने उन्हात उभे राहून जे जाणले, ते वाचण्याचे सोडून त्याभोवती फिरण्यातच यांची सात वर्षे गेली, आणि आताही त्यांना पश्चात्ताप सुचत नव्हता, काचेची पेटी सुचत होती.

शालू उठून मंचाकडे गेली. तक्रारीचा कागद तिने महादेवरावांच्या पुढ्यात ठेवला. सहीची जागा कोरी होती. मग ताम्हणातली डिस्क उचलून तिने ती पदराने पुसली, फुलाची पाकळी काढून टाकली आणि सरळ शाकीबसमोर येऊन उभी राहिली.

“अजून काही होऊ शकते का?”

शाकीबने खरे तेच सांगितले. पुण्याला एका ठिकाणी धुळीचा कण नसलेली खोली आहे, तिथे पेटी उघडून चिकटलेला काटा सोडवतात. कधी सगळे मिळते, कधी अर्धे, कधी काहीच नाही. तो स्वतः ती इथे उघडणार नाही, कारण इथे उघडली तर उरले आहे तेही जाईल.

“मंग घेऊन जा.”

महादेवरावांनी मध्येच हरकत घेतली की वस्तू मंडळाच्या ताब्यातली आहे, नेताना पोच द्यावी लागेल. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. श्रावणभाऊसुद्धा खिडकीबाहेर बघत राहिले.

शाकीबने हात पुढे केला आणि अर्ध्यात थांबवला. सकाळपासून तो या सभागृहात आरोपी म्हणून उभा होता, आणि ते आरोपीपण इतक्या लवकर अंगावरून उतरत नव्हते.

“ताई, माह्यासंग कोनाले तरी पाठवा. रस्त्यानं काही झालं, तिथं उघडल्यावर रिकामी निघाली, तं पुन्हा माहंच नाव निघन.”

शालूने डिस्क त्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटे तिच्याभोवती मिटवली.

“माह्या बाबानं उभ्या जिंदगीत कितीक जनाले बी देलं, भाऊ. एकाच्याही मांगं मानूस नाही पाठवला. तुमी जा, गाडीची वेळ झाली.”